पडदा बसला, पण दिसेल किती?

मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाने एकदा चमत्कार बघितलेला असतो. पंधरा-वीस मिनिटांचं फेको, दुसऱ्या दिवशी डोळा उघडला की भिंतीवरचं कॅलेंडर लख्ख, आठवडाभरात 'नई दुनिया'तल्या बारीक जाहिरातीसुद्धा वाचता येतात. पुढे वर्ष-दोन वर्षांनी त्याच डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, सरकतो, पुन्हा टेबलावर जावं लागतं, आणि रेटिनाचे डॉक्टर तपासून सांगतात, "काका, पडदा छान बसलाय." काकांना मात्र समोर धरलेला हातसुद्धा धड दिसत नसतो.

"बसलाय, तर दिसत का नाही?" इंदूरच्या रेटिना ओपीडीत हा प्रश्न मराठीत, हिंदीत, माळवीत, निमाडीत, सगळीकडून येतो. त्याचं नेहमीचं उत्तर म्हणजे "वेळ लागेल". ते खोटं नाही, पण अपुरं आहे. किती वेळ, आणि तो वेळ गेल्यावर किती दृष्टी, याचा बराचसा अंदाज बांधता येतो. गैरसोयीची गोष्ट एवढीच की हा अंदाज ज्यावर उभा असतो, त्यातलं बहुतेक रुग्ण टेबलावर जाण्याआधीच ठरून गेलेलं असतं. पडदा जागेवर बसवणं हे सर्जनचं यश. ते दहांतल्या साधारण नऊ जणांना पहिल्याच ऑपरेशनात मिळतं. दिसणं हे पेशींचं यश, आणि पेशींचा हिशेब दिवसांत चालतो.

पडद्याच्या बाहेरच्या थरात प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांना प्राणवायू आणि अन्न मिळतं ते मागच्या कोरॉइड नावाच्या रक्तवाहिन्यांच्या थराकडून. पडद्याला कुठे तरी छिद्र पडतं, डोळ्यातलं पातळ झालेलं द्रव त्यातून मागे शिरतं, आणि ओल धरलेल्या भिंतीवरून रंगाचा पापुद्रा सुटावा तसा पडदा मागच्या थरापासून सुटतो. कडेला सुटला तर कडेची नजर जाते, आणि ती बऱ्याच अंशी परत येते. पडद्याच्या मधोमध असलेला पीतबिंदू, म्हणजे दवाखान्यातल्या बोलीत मॅक्युला, सुटला तर मात्र गोष्ट बदलते. मॅक्युलाच्या अगदी मध्यावर पडद्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. तो भाग सर्वस्वी कोरॉइडवर अवलंबून असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं, हे सगळं काम मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या त्याच तुकड्याचं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की पडदा सुटल्यावर प्रकाशपेशी मरण्याचा वेग तिसऱ्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त असतो. ज्या पेशी तगतात त्यांचं बाहेरचं टोक झिजलेलं असतं. पडदा बसल्यावर ते टोक पुन्हा वाढतं, पण सावकाश. शस्त्रक्रियेनंतर सहा-सहा महिने नजर सुधारत राहते ती या वाढीमुळे. मेलेली पेशी काही परत येत नाही.

म्हणून अंदाजातला सर्वांत मोलाचा आकडा म्हणजे एक तारीख: मध्यावरचं दिसणं कोणत्या दिवशी गेलं? आणि नेमकी हीच तारीख कागदावर सर्वांत ढिसाळपणे लिहिलेली सापडते. "आठ-दहा दिवस झाले असतील" असं रुग्ण म्हणतो आणि केसपेपरवर "१० दिवस" उमटतं.

खरं तर इथे तीन तारखा असतात. पहिली, डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं किंवा अचानक काळ्या माश्या, जाळं, काजळीचे कण दिसू लागले ती. दुसरी, एका बाजूने सावली चढू लागली ती. तिसरी, समोरचं अक्षर किंवा चेहरा पुसला गेला ती. पहिल्या दोन छिद्राचं वय सांगतात, नजरेचं भाकीत तिसरी सांगते. रुग्ण बहुतेक वेळा चौथीच तारीख देतो, ती म्हणजे त्याच्या लक्षात आल्याची. दुसरा डोळा चांगला असला की एका डोळ्याचं जाणं अनेक दिवस कळतच नाही. आंघोळ करताना चांगल्या डोळ्यात साबण गेला, त्यात ड्रॉप टाकले, किंवा सहज तळहात त्यावर आला, तेव्हा एकदम कळतं की दुसऱ्याने काहीच दिसत नाहीये.

तारीख काढायची तर घटनांना धरून काढावी लागते. ज्येष्ठ माणसांना तारखा आठवत नाहीत, सण बरोबर आठवतात. "रंगपंचमीची गेर मिरवणूक बघितलीत तेव्हा राजवाड्यावरची गर्दी या डोळ्याने दिसत होती?" "अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे दिवे वाकडे दिसले होते का?" "देवाला दिवा लावताना वातीवर नेम धरता येत होता तो शेवटचा वार कोणता?" सुनेला किंवा नातवंडांना विचारलेलं आणखी बरं. आजी ताटातलं मीठ चाचपडू लागल्या ते त्यांनी आधी पाहिलेलं असतं. सावली कोणत्या बाजूची, हेही विचारावं. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, म्हणून पडदा वरून सुटला की सावली खालून चढते. वरचा सुटलेला पडदा द्रवाच्या वजनाने झपाट्याने खाली येतो, कधी एका दिवसात मॅक्युलापर्यंत. खालचा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. रुग्णाची आठवण चुकते तिथे डोळा साक्ष देतो: सुटलेल्या भागाच्या कडेला रंगद्रव्याची रेघ दिसली तर मुक्काम साधारण तीन महिन्यांचा, आणि पडद्याच्या आतच पाण्याच्या पिशव्या झाल्या असतील तर वर्षाच्या घरातला.

या दिवसांवर अभ्यास पुष्कळ आहेत. अमेरिकेत बर्टन यांनी १९८२ साली मांडलेले आकडे अजून उद्धृत होतात: मॅक्युला सुटून पहिल्या नऊ दिवसांत ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना २०/५० किंवा त्याहून चांगलं दिसलं, दहाव्या दिवसानंतर हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास आलं. २०/५० म्हणजे आपल्या तक्त्यावर ६/१२ आणि ६/१८ यांच्या मधलं; खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी. त्या काळी सगळं मिळून "एका आठवड्यात केलं तरी चालतं" असा सूर होता. अलीकडचे एकत्रित अभ्यास तो सूर मोडतात. पहिल्या तीन दिवसांत बसवलेला मॅक्युला चौथ्या ते सातव्या दिवशी बसवलेल्यापेक्षा बरा निघतो. मॅक्युला अजून चिकटलेला असेल तर दिवस नव्हे, तास मोजावेत. अशा रुग्णाला "सोमवारी या" म्हणणं मला तरी पटत नाही. सावली कुठून येते ते पाहून त्याला योग्य कुशीवर आडवं ठेवावं आणि चोवीस तासांच्या आत टेबल मिळवावं.

मोतिबिंदू काढलेल्या डोळ्यात उशीर होण्याची कारणं वेगळीच असतात. माश्या दिसल्या की "नवीन लेन्स आहे, बसेल हळूहळू". धूसर झालं की "जाळी आली असेल, यॅग लेझर करून घेऊ". जाळी, म्हणजे भिंगामागची पिशवी पांढुरकी होणं, खरोखरच वारंवार घडतं, म्हणून हा समज अगदी खुळाही नाही. फरक एवढाच की जाळी सगळं सारखं धूसर करते आणि महिनोन्‌महिने घेते. सावली एका बाजूची असते, तिला कड असते आणि ती सरकते. हा फरक मोतिबिंदूच्या डिस्चार्ज कार्डावर दोन ओळींत छापता येण्यासारखा आहे, आणि तो क्वचितच छापलेला दिसतो.

धोका किती? साध्या, बिनगुंतागुंतीच्या ऑपरेशननंतर दहा वर्षांत शंभरात एखाद्याच्या आसपास. पण सगळ्यांना सारखा नाही. पन्नाशी-साठीच्या आतले पुरुष, लांब डोळ्याचे जाड उणे नंबरवाले, आणि ऑपरेशनच्या वेळी मागची पिशवी फाटून आतला जेलीसारखा काचरस पुढे आलेले, यांचा धोका कैक पटींनी जास्त. इथे जुनी फाइल उपयोगी पडते. भिंगाचा नंबर काढण्यासाठी केलेल्या मोजणीच्या चिठ्ठीवर डोळ्याची लांबी लिहिलेली असते: साडेतेवीस मिलिमीटरच्या जवळपास म्हणजे सर्वसाधारण, सव्वीसच्या पुढे म्हणजे सावध. भिंगाचं स्टिकर असतं. पिशवी फाटली होती का, हेही नोंदलेलं असतं. आणि सर्वांत कामाचं, मोतिबिंदूनंतर मिळालेली सर्वोत्तम नजर तिथे लिहिलेली असते. पडद्याच्या ऑपरेशनचं छत तेवढंच. मधुमेहाने किंवा काचबिंदूने आधीच ६/२४ वर थांबलेला डोळा पडदा बसवून ६/९ होणार नाही. शिबिरात ऑपरेशन झालेल्यांकडे एवढंच एक कार्ड असतं आणि ते बहुधा हरवलेलं असतं. घरच्यांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवला तरी पुरे.

मोतिबिंदूच्या रुग्णाची एक बाजू जमेचीही आहे, तीही सांगायला हवी. नैसर्गिक भिंग असलेल्या पन्नाशीपुढच्या माणसाची विट्रेक्टमी (आतला काचरस काढून पडदा बसवण्याचं ऑपरेशन) केली की पुढच्या दोनेक वर्षांत मोतिबिंदू वाढतो, आणि नजर मंदावली ती पडद्यामुळे की भिंगामुळे हे कळेनासं होतं. कृत्रिम भिंग असलेल्या डोळ्यात हा घोळ नाही. सहाव्या महिन्यात जी नजर मोजाल ती खरोखर पडद्याची.

ऑपरेशनआधी ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन, काढता आली तर अंदाज धारदार होतो. त्यात मॅक्युला किती उंच उचलला गेला आहे ते दिसतं. जितका उंच, तितकी कोरॉइडपासूनची फारकत मोठी आणि निकाल कमजोर. पडद्याच्या आत पाण्याचे कप्पे झालेत का, बाहेरच्या थरात सुरकुत्या आहेत का, हेही दिसतं. खूप फुगलेला पडदा मात्र ओसीटीच्या चौकटीत मावतच नाही. तेव्हा तो कागद नसण्यालाही अर्थ असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या ओसीटीत दोन रेघा शोधायच्या: बाहेरची सीमारेषा, आणि तिच्या खालची प्रकाशपेशींची चमकदार रेघ, जिला रेटिनावाले एलिप्सॉइड झोन म्हणतात. दोन्ही अखंड असतील तर नजर येतेच. वरची शाबूत आणि खालची तुटक असेल तर थांबावं. महिन्यामहिन्याला ती सांधत जाताना दिसते. दोन्ही तुटल्या असतील तर फार आशा लावू नये. मॅक्युलाखाली द्रवाचं छोटं तळं उरलं असेल, विशेषतः बकल केलेल्या (बाहेरून पट्टा बसवलेल्या) डोळ्यात, तर ते जिरायला कित्येक महिने जातात आणि तोवर नजर अडून राहते. हे अपयश नव्हे. पण ओसीटी न काढता हे ओळखता येत नाही.

एवढं तंत्र हाताशी असूनही, भाकितांची जी जी सूत्रं बनतात त्यांत दोन कंटाळवाणे घटक पुन्हा पुन्हा वर येतात: ऑपरेशनआधीची नजर आणि मॅक्युला सुटल्याचे दिवस. आधी बोटं मोजता येत होती की नुसता हात हलताना दिसत होता, हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, निकालात नसतो. म्हणून तक्ता दिसत नाही म्हणून "नजर कमी" एवढंच लिहिणं हा आळस आहे. बोटं किती अंतरावरून मोजली तेही लिहावं.

ऑपरेशनकडे येऊ. लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं की छिद्र शोधा, बंद करा, पडदा बसेल. तत्त्व आजही तेच. मोतिबिंदू काढलेल्या डोळ्यात ही छिद्रं बारीक असतात, अगदी कडेला, आणि पिशवीच्या पांढुरक्या अवशेषांमागे व भिंगाच्या कडेआड लपलेली. बाहेरून बकल लावताना एखादं नजरेतून सुटलं तर पडदा पुन्हा सुटतो. विट्रेक्टमीत आत प्रकाश नेऊन, कड बाहेरून दाबून गोल फिरत शोधता येतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत हेच दिसलं: कृत्रिम भिंगाच्या डोळ्यांत पडदा बसण्याच्या बाबतीत विट्रेक्टमी सरस ठरली, नैसर्गिक भिंगाच्या डोळ्यांत नजरेच्या बाबतीत बकल. मागची पिशवी आधीच यॅगने उघडलेली असेल तर आणखी एक अडचण. आत हवा सोडली की भिंगाच्या मागच्या अंगावर बाष्प धरतं, सिलिकॉनच्या भिंगावर सर्वांत जास्त, आणि सर्जनला ऐन वेळी दिसेनासं होतं.

शेवटी पडदा दाबून धरायला आत गॅसचा फुगा किंवा सिलिकॉन ऑइल भरतात. निव्वळ हवा आठवडाभरात जिरते, एसएफ-सिक्स साधारण दोन आठवड्यांत, सी-थ्री-एफ-एट सहा ते आठ आठवड्यांत. फुगा भरलेला असताना नजर मोजण्यात काहीच अर्थ नाही. फुगा लहान होऊ लागला की रुग्णाला वरून स्पष्ट पट्टा दिसतो आणि खाली हलती रेघ. ही रेघ दिवसादिवसाने खाली सरकते. पहिल्यांदाच ती बघणाऱ्या काकू घाबरून फोन करतात, म्हणून आधीच सांगून ठेवावं. ऑइल असेल तर नंबर अधिकच्या बाजूला काही डायॉप्टर ढळलेला असतो. तीन ते सहा महिन्यांनी ऑइल काढेपर्यंत कायमचा चष्मा करू नये. ऑइल काढल्यावर, पडदा जागेवर असूनही, क्वचित नजर उतरते आणि कारण सापडत नाही. हे आधी न सांगितल्यास नंतर कुणाचा विश्वास बसत नाही.

गॅस असताना विमान वर्ज्य, हे सगळे सांगतात. केबिनमधला दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब धोक्याच्या पातळीला जातो. इंदूरहून मुंबई-पुण्याकडे मुलाकडे जायची घाई असलेल्यांनी फुगा पूर्ण जिरेपर्यंत थांबावं. घाटाचं मात्र फारसं कोणी सांगत नाही. इंदूर साडेपाचशे मीटरवर, निमाडातलं महेश्वर दीडशेच्या आसपास. ऑपरेशन करून निमाडात उतरलेला रुग्ण आठवड्याने तपासणीसाठी मानपूरचा घाट चढून येतो तेव्हा चारशे मीटरची चढण असते, म्हणजे हवेचा दाब चार-पाच टक्क्यांनी कमी. उतरताना गॅस आकसतो, डोळा नव्या मापाशी जुळवून घेतो, आणि परत चढताना तोच गॅस फुगतो. निरोगी डोळा आतलं पाणी बाहेर सोडून जागा करतो, पण त्याला वेळ लागतो. काचबिंदू असलेल्याला तेवढी सवड नसते. पहिले दोन आठवडे इंदुरातच नातेवाइकांकडे राहणं सर्वांत सोपं. नाहीच जमलं तर वाटेत थांबत यावं, आणि डोळा दुखून उलटीसारखं झालं तर तिथेच जवळचा नेत्रतज्ज्ञ गाठावा. दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली, दाताच्या दवाखान्यातसुद्धा, तरी "डोळ्यात गॅस आहे" हे आधी सांगायचं, कारण नायट्रस ऑक्साइडने हा फुगा मिनिटांत वाढतो.

अंदाज मोडणारी गोष्ट म्हणजे पीव्हीआर. पडद्यावर आणि पडद्याखाली चिवट पापुद्रे धरतात, आकसतात आणि पडद्याला पुन्हा ओढून काढतात. शंभरातल्या पाच ते दहा जणांना, बहुधा चौथ्या ते आठव्या आठवड्यात. म्हणून पहिल्या आठवड्यात दिलेलं प्रत्येक भाकीत सशर्त असतं आणि दोन महिन्यांनी ते नव्याने द्यावं लागतं. पडद्याला आधीच पडलेल्या घड्या, डोळ्यातला फार उतरलेला दाब, मोठं छिद्र, रक्तस्राव, हे सगळे त्याच वाटेचे इशारे.

आणि तक्ता सगळं सांगत नाही. ६/१२ वाचणारा माणूस म्हणतो, "दाराची चौकट मधे वाकते, चहा कपाबाहेर ओततो." मॅक्युला सुटून बसला की तो पूर्वीच्या जागेवर तंतोतंत बसतोच असं नाही. विशेष प्रकारच्या फोटोत रक्तवाहिन्यांच्या शेजारी उजळ रेघा उमटतात, त्या म्हणजे वाहिन्यांची जुनी जागा. ऑपरेशननंतर लगेच काही तास पालथं झोपवण्याचा आग्रह यासाठीच असतो. दोन डोळ्यांतल्या प्रतिमा लहानमोठ्या झाल्या तर मेंदूला त्या जुळवता येत नाहीत, आणि काहींना दोन्ही डोळे उघडे ठेवण्यापेक्षा एक झाकलेला बरा वाटतो. पहिल्या वर्षात हे बरंच निवळतं. सगळं निवळत नाही.

मग घरच्यांना सांगायचं काय? एक आकडा सांगू नये, पट्टा सांगावा. छत ६/६, मॅक्युला चिकटलेला, दुसऱ्या सकाळी ऑपरेशन: पूर्वीच्या जवळपास. छत ६/९, मध्य जाऊन चार दिवस, मीटरभरावरून बोटं मोजता येत होती: सहा महिन्यांत ६/१२ ते ६/२४, थोडी वाकडी रेघ बरोबर. तीन-चार आठवडे झालेले, घड्या, ऑइल: घरात स्वतःचं स्वतः फिरण्याइतकं, ६/६०च्या आगेमागे, आणि किमान दोन ऑपरेशनं. चष्म्याचा नंबर गॅसनंतर दोन-तीन महिन्यांनी. बकलचा पट्टा असेल तर उणे नंबर दोन-तीनने वाढलेला निघेल, त्याला घाबरायचं कारण नाही.

त्याच मुक्कामात दुसऱ्या डोळ्याची बाहुली मोठी करून कड तपासून घ्यावी. पातळ जाळीदार पट्टे किंवा छिद्र असलं तर लेझरचा विचार होतो. त्याही डोळ्यात मोतिबिंदू असेल तर त्याचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या डोळ्याचा सगळा कागद दाखवावा. आणि नंतर रोज सकाळी देवघरासमोर किंवा घड्याळासमोर उभं राहून एक डोळा झाकून बघावं, मग दुसरा. अर्धा मिनिट लागतो.